जास्त दारांची गाठ

मी एक जुनी गाठ आहे. एकेकाळी गर्भाशयात होते, आता वैद्यकीय महाविद्यालयातल्या बरणीत असते. मित्रांनो, नाकं मुरडू नका. खोटं बोलले तर बरणीतलं औषध आटो!

माझा जन्म गर्भाशयाच्या स्नायूतच झाला, म्हणजे तो स्नायू माझा सख्खा भाऊ. रक्तातून हार्मोन यायचे ते दोघांनाही सारखेच. पण भावाच्या अंगाला हार्मोन आत घेणारी दारं बेताची. हवं तेवढं घेऊन तो गप्प बसायचा. मी मात्र दारांवर दारं काढली. इस्ट्रोजेन आलं की प्रोजेस्टेरॉनसाठी आणखी दारं उघडायची, आणि प्रोजेस्टेरॉन आत शिरलं की मी फुगायचे. तेवढ्यानंही भागेना, तेव्हा इस्ट्रोजेनची चूल मी घरातच मांडली! हावरटपणात माझा हात धरणारं त्रिभुवनात कुणी नव्हतं.

माझी मालकीण शिवणकाम करायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. स्वतःच्याच कपड्यांची कंबर ती सारखी उसवून सैल करायची. शेजारीण म्हणाली, "काय गं, गोड बातमी लपवतेस होय?" ती हसली, आणि दार लावून मशीनवर डोकं टेकून रडली. पाळीत रक्त थांबता थांबेना, जिना चढताना धाप लागे. पण ती कुणाला चकार शब्द बोलली नाही. माझी चंगळ होती.

एक दिवस कापड बेततानाच ती कोसळली. नणंदेनं तिला दवाखान्यात नेलं.

"गाठ आहे, कॅन्सरची नाही. पण रक्त फार गेलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग पिशवीच काढून टाका," नणंद म्हणाली.

"ताई, मला मूल हवंय हो!" मालकीण पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली.

डॉक्टरीणबाई नणंदेकडे वळल्या. "स्नायू चांगला आहे, त्याला कशाला शिक्षा? आधी इंजेक्शनं देऊन गाठीची रसद तोडू, मग नुसती गाठ काढू. पण ऑपरेशनच्या वेळी रक्त आवरलं नाही, तर पिशवी वाचेलच असं नाही."

रसद तुटली. भाऊ थोडा रोडावला. मी मात्र चांगलीच आकसले. मग मला त्याच्या कुशीतून सोडवून काढलं.

मी अजून शेजारच्या ताटलीतच होते. शुद्धीवर येताच तिनं विचारलं, "पिशवी?"

"आहे गं, जागच्या जागी. टाके घातलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बारीक घातलेत ना?" डोळे न उघडताच ती म्हणाली.

पुढं तिला मूल झालं का, ते मला ठाऊक नाही. बरणीत बातम्या येत नाहीत.

मित्रांनो, आई, मावशी, ताई जिन्यात मध्येच टेकली, तर "काय होतंय?" असं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका. मला वाढवलं हार्मोननी. पण इतकी वर्षं सांभाळलं ते तिच्या गप्प बसण्यानं.