शेवटच्या खुर्चीकडे गेलेले व्हायोलिन

मित्रांनो, मी एक जुने व्हायोलिन आहे. तुम्ही म्हणाल, जुने म्हणजे किमती, मग हे असे मान खाली घालून का बोलते आहे? सांगते.

माझे पहिले मालक दादा. धाकट्या भावाला त्यांनीच माझ्यावर वाजवायला शिकवले. दोघे मोठ्या वाद्यवृंदात निवडले गेले, तेव्हा दादांनी मला भावाच्या हाती दिले. "माझं काय, मी कशावरही वाजवीन," ते म्हणाले आणि एक साधे, घसा बसल्यासारखे वाजणारे व्हायोलिन घेऊन त्याच्या शेजारी बसू लागले.

धाकट्याने नाव काढले. पहिल्या खुर्चीवरून तो चौथऱ्यावर गेला आणि हातात छडी घेऊन साऱ्या वृंदाचे संचालन करू लागला. मी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात गेले. पाहुण्यांनी माझे कौतुक केले की मी फुशारून जाई. आम्हा दोघांच्याही डोक्यात हवा गेली होती. पुढे दादांची बोटे मंदावली. एकदा ते तालमीला आले, तर त्यांच्या जागी दुसराच कोणी बसलेला आणि त्यांची खुर्ची शेवटच्या रांगेत, दाराजवळ.

"अहो, दादांना निदान आधी सांगायचं तरी!" धाकट्याची बायको जेवताना म्हणाली.

"त्यात काय सांगायचं? आल्यावर दिसलंच की."

आपल्या निवृत्तीच्या मैफलीत छडी ठेवून स्वतः व्हायोलिन वाजवायचे धाकट्याने ठरवले. मला बाहेर काढले, वरवर पुसले, जुन्याच तारांवर तालमी केल्या. भर मैफलीत माझी तार तुटली.

आमच्या वृंदाची रीत अशी, की अशा वेळी पहिल्या खुर्चीवरचा वादक आपले व्हायोलिन पुढे वाजवणाऱ्याला देतो आणि तार तुटलेले हातोहात मागे जाते. शेवटच्या खुर्चीवरचा आपले वाजवणे थांबवून त्याला तार बसवतो.

मी दादांच्या मांडीवर येऊन पडले. तारा पेलणाऱ्या घोडीखाली धूळ, खुंट्या सुकलेल्या. ज्यांनी मला रोज पुसले त्यांच्यापुढे या अवस्थेत यावे! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दादांनी रुमालाने धूळ टिपली, नवी तार चढवली आणि ते मला धरून बसून राहिले. पुढे टाळ्यांचा कडकडाट चालला होता.

सगळे गेल्यावर धाकटा मागे आला. "दादा, तार खराब झालीय हे तालमीतच तुझ्या लक्षात आलं असेल. बोलला का नाहीस?"

"बोललो की. दोनदा. शेवटच्या खुर्चीवरून पुढे ऐकू जात नाही रे."

दादा रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी मला त्याच्या हातात दिले आणि आपली खुर्ची स्वतःच उचलून भिंतीला लावली.

आता मी कपाटात नसते. तो मला रोज पुसतो, वाजवतो. पण दादांच्या घरी आम्ही अजून गेलेलो नाही. रस्त्याच्या वळणापर्यंत जातो आणि परत फिरतो. कोणत्या तोंडाने जावे?

म्हणून मित्रांनो, वाद्यांची निगा राखाच. पण कोणाची खुर्ची मागे न्यायची वेळ आलीच, तर आधी त्याच्याजवळ जाऊन बसा आणि आपल्या तोंडाने त्याला सांगा.