जावेच्या नावानं

डॉक्टर, तो प्रश्न तुम्ही खोडलात. माझ्यासमोर, चहा पिता पिता. "हे नको, घाण वाटतं. घरातली सगळी माणसं बघतात वेबसाइट," म्हणालात आणि कागद सत्यजीतकडे सरकवलात. सत्यजीत म्हणजे तुमची वेबसाइट सांभाळणारा पुण्याचा माणूस. तो म्हणाला, असलं कुणी सर्चच करत नाही. मी म्हणाले, त्या बायका सर्च करत नाहीत, मला विचारतात. तुम्ही दोघं हसलात. मीही हसले. तेही इथं लिहिते.

चौदा वर्षं मी तुमच्या शिरूरच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तहमीना, केसपेपरवाली. दौंडला दुसरा दवाखाना काढायचं ठरलं तेव्हा ही वेबसाइट आली आणि तिला दर आठवड्याला एक लेख लागायला लागला. विषय कुठून आणायचे? तुम्ही मला सांगितलंत, पेशंट काय विचारतात ते लिहून ठेवा. खोटं कशाला बोलू, मला फुशारकी वाटली. बारावी नापास बाईला असं काम कोण देतं?

मी एक वही केली. घरात फ्रीज नसेल तर इन्सुलिन माठाजवळ ठेवलं तर चालतं का. कारेगावात राहून कंपनीत रात्रपाळी करणाऱ्यानं शुगरची गोळी कधी घ्यायची. तुमच्यासमोर माणसं नुसती माना हलवतात. खरा प्रश्न बाहेर आल्यावर मला विचारतात.

मार्चमध्ये न्हावऱ्याच्या अनसाबाई आल्या. नवऱ्याला, हौसरावांना, बीपी दाखवायला आणलं होतं. माझी वही बघून म्हणाल्या, "तुमची ती वेबसाइट आटलेल्या म्हशीचं बी सांगती का गं?" मी म्हटलं, मावशी, सध्या माणसांचंच उरकत नाही. त्या हसल्या. हौसराव आत गेले तशा काउंटरवर वाकल्या.

"माझ्या जावंचं इचारते. पाळी जाऊन नऊ वर्सं झाली तिची. आता परत अंगावरनं लाल जातंय. वयानं व्हतं का असं?"

आमच्याकडे बाई असलं दुखणं स्वतःच्या नावानं सांगत नाही. जावेला होतंय म्हणते, शेजारणीला होतंय म्हणते. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण त्या दिवशी मला विषय मिळाला होता. असला प्रश्न वहीत एकही नव्हता. मान खाली घालून मी तो लिहीत बसले आणि बाईच्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

जावेला घेऊन या म्हटलं, तर म्हणाल्या, पुरुष डॉक्टरफुडं ती न्हाई यायची. मग मीच शहाणपणा केला. यावर लेख येणार आहे म्हणाले. नाव सांगायला नको, कुणाला दाखवायला नको, तुमच्या नातीला, अपेक्षाला, मोबाइलवर उघडून वाचून दाखवायला सांगा. बरं झालं बाई, म्हणाल्या आणि गेल्या.

तुम्ही तो खोडलात. गुडघेदुखीवर चार लेख आले, केस गळण्यावर दोन, मग दिवाळीचा फराळ आणि शुगर. मी काय केलं? "बरं सर" म्हणाले. हौसरावांच्या केसपेपरवर फोन नंबर होता, माझ्याच अक्षरात. मावशी, लेख येत नाही, तुम्ही जावेला घेऊनच या, एवढंच सांगायचं होतं. नाही केला फोन. आज करू, उद्या करू, आणि मग विसरले. तुमच्याकडे बोट दाखवण्याआधी हे सांगणं भाग आहे.

दिवाळीनंतर अनसाबाई एकट्याच आल्या. निम्म्या झाल्या होत्या. मी कोरा केसपेपर ओढला आणि सवयीनं नाव विचारलं.

"माझंच लिही."

मी वर पाहिलं.

"जाऊ कुठली गं. माझंच व्हतं ते. अपेक्षा दर रविवारी उघडून बघायची. गुडघं आलं, केस आलं. म्हनलं, आपलं येत न्हाई, म्हंजी एवढं काय नसंल."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पुण्याला तपासण्या झाल्या. कॅन्सर गर्भाशयातून फुप्फुसापर्यंत पोचलाय. रिपोर्ट वाचून तुम्ही त्यांनाच म्हणालात, फार उशीर केलात आजी. त्यांनी मान हलवली, चूक कबूल करावी तशी. मी दारात फाइल घेऊन उभी होते.

बाहेर आल्यावर त्या सरळ काउंटरशी आल्या. या वेळी वाकल्या नाहीत, आवाजही बारीक केला नाही. सगळ्या रांगेसमोर विचारलं.

"मार्चातच दाखवलं असतं, तर वाचले असते का गं पोरी?"

मी टेबलावरचा फोन उचलून कानाला लावला. फोन वाजलाच नव्हता. त्या थोडा वेळ थांबल्या, मग भिंतीला धरून पायऱ्या उतरून गेल्या.

मंगळवारी त्या परत येणार आहेत. आधी माझ्याकडेच येतील आणि तेच विचारतील. या खेपेला मी फोन उचलणार नाही. तुम्ही केबिनमधून बाहेर या, डॉक्टर. माझ्या शेजारी उभे राहा, त्यांच्या तोंडाकडे बघा आणि सांगा. वाचल्या असत्या का?