गुलालबाईने लावलेली हळद

१९९६ सालचा मे महिना. जामखेडात सकाळी नऊलाच पत्रे तापायला लागायचे. पण आक्काबाईच्या दारातल्या मांडवाखाली बायकांचा असा कलकलाट चालला होता, की उन्हाकडे बघायला कोणाला सवडच नव्हती. नात भारतीची आज हळद होती. नवरा मुलगा पंकज नागापूरच्या एमआयडीसीत फिटर. शांत स्वभावाचा आणि हुंड्याचं नाव न काढणारा. आक्काबाईला आणखी काय पाहिजे होतं?

पाहिजे होती एक सवाष्ण!

हळद लावायला पाच जणी लागतात. चार जमल्या होत्या; आक्काबाई स्वतःच विधवा, ती मोजणीत नव्हती. पाचवी म्हणजे सुप्याची भाची रंगुबाई, आणि तिची एसटी नगर यायच्या आधीच बंद पडली होती.

"आता कुटनं आनू मी पाचवी?" आक्काबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"मलाच दोनदा मोजा की, आक्का," शेजारची चांगुणा म्हणाली. "अंगानं तर मी दोघींयेवढी हाय!"

मांडव हसला. आक्काबाईला मात्र हसू आलं नाही, आणि पाटावर बसलेल्या भारतीलाही नाही. भारती पुन्हा पुन्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

त्या दाराआड तिची आई होती, आक्काबाईची सून जयमाला. भारती चार वर्षांची असताना सहादेव, म्हणजे आक्काबाईचा मुलगा, ट्रकच्या धडकेत गेला. त्यानंतर जयमालाने बाळंतपणं करायचं शिक्षण घेतलं, आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पायी हिंडली आणि लेकीला नर्स केलं. आजची हळदसुद्धा तिनेच भिजवून पाट्यावर वाटली होती. पण ताट मांडवात आणून ठेवलं आणि ती आपणहून आत गेली. विधवेने हळदीला हात लावायचा नाही, हे तिला कोणी सांगावं लागत नव्हतं.

"आई लावनार नसंल तर मला हळदच नको," असं भारती आदल्या दिवशी म्हणाली होती.

"अवलक्षनी बोलू नगंस," आक्काबाईने तिला दटावलं होतं. "तुझ्याच संसाराच्या भल्यासाठी सांगते."

आक्काबाई काही जुन्या वळणात अडकलेली बाई नव्हती. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर या घरातले देव गेले, अंगात येणं गेलं, उपासतापास गेले. उद्याचं लग्नही बुद्धवंदना म्हणून, साध्या पद्धतीने लागणार होतं. तरी हळदीच्या ताटाभोवतीची एवढी एक रेघ तशीच राहिली होती. ती पुसायची राहून गेली आहे, हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

इतक्यात फाटक वाजलं. हिरवा कुर्ता, डोक्यावर फुलाफुलांची ओढणी, डोळ्यांत सुरमा आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या अशी गुलालई आत आली.

गुलालई काबूलची. लढाईपायी ती दिल्लीला आली आणि तिथल्या एका मदत करणाऱ्या मंडळाने तिला जामखेडजवळच्या संस्थेत बाळंतपणाचं काम शिकायला पाठवलं होतं. शिकवायला जयमाला होती. गल्लीतल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात तिची गुलालबाई करून टाकली. दिल्लीची हिंदी आणि जामखेडची मराठी एकत्र कालवून ती छान बोलायची. आपल्या मुलखाबद्दल विचारलं की सांगायची, "शेतात सुरुंग पेरलेत, गहू कुठे पेरायचा? डॉक्टर देश सोडून गेले. पोरांना बंदूक खोलता येते, अक्षर वाचता येत नाही. बाया बाळंतपणात मरतात. म्हणून मी शिकते. मी जाणार परत." आणि मग चहाचा कप पुढे करून म्हणायची, "साखर अजून!"

तिला बघताच आक्काबाईचा चेहरा उजळला. बांगड्या भरलेले हात, रंगीत कपडे, डोळ्यांत सुरमा! सवाष्ण दारात चालून आली होती.

"ये गं माय! लाव पोरीला हळद. पयली तूच लाव, पाव्हणी हायेस!"

गुलालई खुशीत पुढे झाली. चांगुणाने दाखवलं तशी तिने भारतीच्या पायांना, गुडघ्यांना, खांद्यांना हळद लावली आणि शेवटी गालाला लावताना नाकालाही एक ठिपका दिला. भारती हसली. चांगुणाने लगेच हुकूम सोडला, "आता नाव घ्या, गुलालबाई!"

"कसलं नाव?"

"नवऱ्याचं! गुंफून, गाण्यासारखं घ्यायचं."

गुलालईने बोटांची हळद पुसली. मग हसून म्हणाली, "गुंफता येत नाही मला. नाव दाऊद. लई चांगलं नाव. माणूस पण लई चांगला होता."

"होता?" आक्काबाईने विचारलं.

"शाळेत शिकवायचा. आमच्या गल्लीवर रॉकेट पडलं. चार साल झाले."

लग्नघरात, नवरीच्या अंगाला पहिली हळद एका विधवेने लावली होती! चांगुणाच्या हातातला हळदीचा गोळा तसाच राहिला.

"अगं, मग या बांगड्या?" आक्काबाई कशीबशी म्हणाली.

"बाजारात घेतल्या. हिरव्या छान दिसतात म्हणून." गुलालईला काही कळेना. मग सगळ्यांचे चेहरे बघून तिला कळलं, आणि ती हळू आवाजात म्हणाली, "आक्का, आमच्यातल्या म्हाताऱ्यापण म्हणायच्या, विधवेचा हात नको. मग माझ्या बहिणीची शादी ठरली. मेंदी लावायला गल्लीत नवरा असलेली बाई शोधली. एक नाही मिळाली! सगळ्यांचे नवरे लढाईने नेले. आता एक तर मेंदी नाही, नाही तर आमचे हात. आम्ही लावली. खूप गायलो. बहीण दिल्लीत आहे, नवरा ठणठणीत, दोन पोरं. इतकी भांडतात दोघं!"

कोणीतरी फिसकन हसलं. गुलालईला जोर आला.

"लढाईने आमचं इतकं नेलं. तुमच्याकडे तर लढाई नाही ना, आक्का? मग जयमालाबाई आत का? या वस्तीतली किती बाळं पहिल्यांदा त्यांच्या हातात आली! तेव्हा म्हणता का, थांब बाळा, सवाष्ण येऊ दे, मग ये बाहेर?"

यावर चांगुणा एवढी मोठ्याने हसली की मांडवाचा खांब हलला. "माझी तिन्ही तिच्याच हातात झाली की!"

आक्काबाई हसली नाही. तिला आपली सासू आठवली. छप्पन सालानंतर सासूने देवांची टोपली नदीत सोडायला उचलली तेव्हा ती उंबऱ्यात थांबली होती. "काही झालं तर?" असं ती म्हणाली होती. काही झालं नाही. त्याच रिकाम्या कोनाड्यात पुढे सहादेवची पाटी-पुस्तकं बसली. एवढं मोठं ओझं सासूने उचललं, आणि आपल्याच्याने एक रेघ पुसवत नाही? सहादेव गेल्यावर सुनेला मायेने जवळ धरायचं, ते सोडून तिला दाराआड बसवणारी कोण? मीच की!

ती तडक स्वयंपाकघरात गेली. जयमाला चुलीपाशी होती, चूल मात्र विझलेली होती.

"ऊठ, जयमाला."

"आत्याबाई, मी हितंच बरी..."

"ऊठ म्हनते ना! पोर तुझी, हळद तू वाटलीस, आन लावायला मी गावभर बाया धुंडाळतेय. माझ्यासारखी खुळी मीच!"

तिने सुनेचा हात धरून तिला मांडवात आणलं. जयमालाची बोटं हळदीत बुडाली, पण लेकीच्या गालापर्यंत जाईनात. तेव्हा भारतीनेच पुढे वाकून आपला गाल आईच्या तळव्यावर ठेवला! मांडवात कोणाचाही डोळा कोरडा राहिला नाही. पुढच्याच क्षणी जयमालाने उरलेली हळद सासूच्या दोन्ही गालांना फासली.

"अगं, मी म्हातारी रांडव!" आक्काबाई ओरडली.

"आत्याबाई, तो शबुद आजपास्नं बंद!"

मग मोजणी कोणी केलीच नाही. दुपारी रंगुबाई घामाघूम होऊन पोचली, तेव्हा हळद संपली होती आणि आक्काबाई गुलालईबरोबर फुगडी घालत होती.

आता त्या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली. भारती आणि पंकज नागापूरला सुखात आहेत. त्यांच्या दोन्ही मुलींच्या हळदीत पहिला हात जयमालाचाच होता. चांगुणाने आपल्या गल्लीत सवाष्णी मोजणं कायमचं बंद पाडलं. आक्काबाई नव्वदी गाठून गेली, शेवटपर्यंत हातात हिरव्या बांगड्या घालून. गुलालई परत जायच्या तयारीत असतानाच तिच्या शहरात राज्य बदललं आणि मुलींच्या शाळा बंद झाल्या. मग ती पेशावरच्या छावणीत राहिली आणि तिथे तिने कितीतरी बायांना जयमालाची विद्या शिकवली. पुढे काबूललाही गेली. तिचा शेवटचा फोन आला तेव्हा तिने आधी आक्काबाईची चौकशी केली आणि मग हळद कशी भिजवायची ते विचारलं.

बंधुभगिनींनो, लढाईने मोडलेल्या मुलखातल्या बाया उरलेल्या हातांनी पुन्हा घर उभं करतात. आपल्याकडे तर सगळे हात शाबूत आहेत. त्यातला एकही आपण दाराआड बसवू नये. ज्या हातांनी लेकरू वाढवलं, त्याच हातांची हळद त्याला सगळ्यात जास्त लाभते!