करपलेला जर्दाळू

वाइनचा वास घेताना माझा मुलगा डोळे मिटत नाही. बाकी सगळे मिटतात. हॉटेलवाले तर असे मिटतात की वाटावं, आता हे घोरायलाच लागणार. हा मात्र पेल्याकडे टक लावून बघतो, आत कोणी बसलंय आणि ते बोलेपर्यंत थांबायचंय, असा. मग म्हणतो, "काळी चेरी. मागून संत्र्याची साल. तळाशी ओलं लाकूड." आणि पेला खाली ठेवतो. त्याचं म्हणणं आजवर कोणी खोडलेलं नाही. घरात त्याला नाकोबा म्हणतात. ते नाव मी ठेवलंय, तेव्हा त्यावर हसायचा हक्कही माझाच.

आमचा द्राक्षांचा मळा आहे, मळ्याला लागून वाइनचा कारखाना आणि कारखान्याच्या वर आमच्या खोल्या. नवरा गेल्यापासून सगळा कारभार माझ्या हातात आहे, आणि तो मी कोणाच्या बापाला विचारून करत नाही. सुनेशी माझं पटतं, कारण ती उलटून बोलते. नणंदेशी पटत नाही, कारण ती कधीच उलटून बोलत नाही. वन्सं सगळ्यांना हो म्हणतात. घराला आग लागली म्हटलं तर म्हणतील, हो ना, मलाही मघापासून जरा उबदार वाटत होतं.

चव घ्यायची आमच्याकडे एक रीत होती, सासऱ्यांनी घालून दिलेली. टेबलावर वाट्यांतून खरी फळं मांडायची. चेरी, अंजीर, सफरचंद, पेरू, संत्र्याच्या साली, जी मिळतील ती. पेला हुंगायचा आणि ज्या फळाची ओळख पटली त्या वाटीला बोट लावायचं. धाकट्यानं आधी, थोरल्यानं शेवटी. कारण थोरला एकदा पेरू म्हणाला की धाकट्याच्या नाकात पेरूच शिरतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखर पेरू येतो. नाक म्हणजे डोळ्यांसारखं ताठ नाही, ते कुणाच्याही मागे जातं.

नाकोबाचं नाव झालं तशी ही रीत मागे पडली. पहिला तो बोलणार, बाकीचे माना डोलावणार. लांबलांबून माणसं त्याच्या तोंडाकडे बघायला यायची, आणि मला ते आवडायचं. पोटचा पोर आहे, का नाही आवडणार?

जर्दाळू पहिल्यांदा निघाला तो खिडकीजवळच्या टाकीत. नाकोबानं पेला हुंगला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिला.

"जर्दाळू," तो म्हणाला. "पण करपलेला. आचेवर साखर विसरून जावी तसा."

"लाल वाइनमध्ये जर्दाळू?" सून म्हणाली. "रस्ता चुकला का तो?"

"तुझं नाक चुकलंय."

"हो गं," वन्सं म्हणाल्या, "मलाही मघापासून काहीतरी पिवळं पिवळं जाणवत होतं."

मी पेला उचलला. आधी नुसती चेरी आली. मग त्याचा शब्द आठवला, आणि चेरीच्या मागून, अगदी बारीक, काहीतरी करपलेलं गोड वर आलं. मी मान डोलावली. त्याच आठवड्यात एक हॉटेलवाला आला, त्यालाही तो वास आला, आणि अख्खी टाकी त्यानं आपल्या नावावर करून घेतली. बाटलीच्या चिठ्ठीवर जर्दाळू छापा म्हणाला.

मग जर्दाळू दुसऱ्या टाकीत निघाला. मग लाकडी पिंपांत. मग पांढऱ्या वाइनमध्ये, जिची द्राक्षं मळ्याच्या पार दुसऱ्या टोकाची. प्रत्येक वेळी करपलेला.

सून माझ्याजवळ आली तेव्हा मी बुचं निवडत बसले होते.

"आई, टाक्या वेगळ्या, द्राक्षं वेगळी. जर्दाळू एकच कसा?"

"कारण नाक एकच आहे," मी म्हटलं.

मी ते तोऱ्यात म्हटलं होतं. पण शब्द तोंडातून बाहेर पडले आणि माझ्याच कानांना ते वेगळे ऐकू आले. हातातलं बूच हातातच राहिलं. सून शेजारी बसून बुचं निवडायला लागली.

त्या दिवसापासून मी त्याच्यावर नजर ठेवली. जेवताना तो मध्येच थांबायचा. नजर भिंतीवर, ओठ हळूहळू चाखल्यासारखे हलायचे, उजव्या हाताची बोटं सदऱ्याची कड चोळत राहायची. हाक मारली तरी ओ नाही. थोड्या वेळानं पुन्हा घास उचलायचा, जसं काही झालंच नाही. हे नवीन नव्हतं, हेच तर वाईट. हंगाम सुरू झाल्यापासून तो असा थांबत होता आणि आम्ही सगळे ते बघत होतो. दुसऱ्या कुठल्याही घरात आईनं डॉक्टरकडे धाव घेतली असती. आमच्या घरात माणूस भिंतीकडे बघत ओठ हलवायला लागला की बाकीचे गप्प बसतात. चव घेतोय तो. वन्सं तर भांड्याचा आवाज नको म्हणून चमचासुद्धा हळू ठेवायच्या.

मी कपाटातले काळे पेले काढले. वाइनचा रंग बघून जीभ फसू नये म्हणून चव घेणारे असे पेले वापरतात, आत काय आहे ते दिसतच नाही. बाकीच्या पेल्यांत वाइन ओतली, एकात नळाचं पाणी. वन्संना बजावलं, आज तोंड उघडलंत तर आठवडाभर माझ्याशी बोलू देणार नाही. त्यावरही त्या हो म्हणाल्या.

नाकोबा हसत बसला. "आज परीक्षा का, आई?"

"मास्तरीण व्हायची हौस राहून गेली होती. हुंग."

पहिल्या पेल्यात चेरी आणि जर्दाळू. दुसऱ्यात अंजीर आणि जर्दाळू. मग पाण्याचा पेला. त्यानं तो नाकाशी नेला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला उठून निघून जावंसं वाटलं.

"हा बघ," तो म्हणाला. "हाच खरा. यात दुसरं काहीच नाही. निव्वळ जर्दाळू."

सुनेनं त्याच्या हातातून पेला घेतला आणि बशीत उपडा केला. पाणी बशीभर पसरलं. तो त्याकडे बघत राहिला.

"पेला नीट धुतला नसेल," तो म्हणाला.

"मी धुतलाय."

"मग टॉवेलला वास असेल. कालपासून टॉवेललाही येतोय." एवढं बोलून तो थबकला.

सुनेनं डॉक्टरीणबाईंना आधीच विचारलं होतं, माझ्या पाठीमागे, आणि आता ते सगळं तिनं त्याच्यासमोरच सांगितलं. मी रागावले नाही, रागवायला सवडच नव्हती. नसलेला वास येणं आणि माणूस असा जागच्या जागी हरवणं, दोन्ही एकाच गोष्टीची खूण असू शकते, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. डोक्यात वासाची जागा असते, तिथे काही गाठबीठ दाबत असेल. लगेच घेऊन या. तोवर गाडी चालवू देऊ नका, उंचावर चढू देऊ नका. कधीतरी नुसतं हरवणं राहणार नाही, सगळं अंग झटके देईल.

"गाठ काढायला डोक्यात हात घातला की नाक जाईल," नाकोबा म्हणाला.

"गेलं तर जाईल."

"मग मी काय करू? आत्यासारखा हो हो करत बसू?"

वन्सं हो म्हणणार होत्या, पण त्यांनी तोंडावर हात धरला.

"जिवंत बसशील ना," मी म्हटलं. "तेवढं मला पुरे आहे."

"मला नाही पुरत. हंगाम संपू दे, आई. टाक्या आंबताहेत. त्यांना सोडून कुठे जाऊ?"

टाक्या आंबत होत्या, हे खरं. लाल द्राक्षं आंबायला लागली की साली वर येऊन घट्ट थर धरतात, आणि तो थर लांब दांड्यानं पुन्हा पुन्हा खाली दाबावा लागतो. त्यासाठी टाकीच्या तोंडावर आडवी फळी टाकलेली असते. फळीवर उभं राहायचं आणि दाबायचं. आंबण्याचा वायू तिथेच साचून राहतो. खाली वाकलेला माणूस एका श्वासात घुसमटतो, आणि आत पडलेला हातपाय मारत नाही. नाकोबा ते काम दुसऱ्या कोणाला देत नसे. वास बदलला की दाबायचं थांबायचं, आणि ते त्यालाच कळतं, असं त्याचं म्हणणं. मी शिडी उचलून कोठीत ठेवली आणि कोठीला कुलूप लावलं. सकाळी गाडी काढायची असं सुनेशी ठरवलं.

सकाळी मी दात घासत होते तेव्हा खालून दांड्याचा आवाज आला. साली दबल्या की धप्प होतं, मग दांडा ओढताना चूळ भरल्यासारखा आवाज. धप्प, चूळ. धप्प, चूळ. पिंपावर पिंप रचून तो वर चढला असणार. शिव्या द्यायला मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आवाज थांबला.

मी तशीच खाली धावले. माझ्या वयाला धावणं शोभत नाही, आणि मला कोणी धावताना बघितलेलं नाही. खिडकीजवळच्या, आता नवी द्राक्षं भरलेल्या टाकीवर नाकोबा फळीच्या मधोमध उभा होता. हात मोकळे. नजर समोरच्या भिंतीवर. ओठ हलत होते. उजवी बोटं सदऱ्याची कड चोळत होती, आणि त्या प्रत्येक चोळण्याबरोबर त्याचा उजवा पाय फळीच्या कडेकडे सरकत होता.

हाक मारली असती तर दचकला असता. मी पिंपांवर चढले. वन्सं माझ्या मागून आल्या आणि न सांगता त्यांनी माझ्या कमरेला मिठी मारली. मी हात लांबवून त्याचा पट्टा धरला. खालून तो उबट, गोड, डोक्यात चढणारा वाफारा येत होता. मी तोंड फिरवून श्वास रोखून धरला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. त्याचं वजन हळूहळू माझ्या मनगटावर यायला लागलं होतं.

मग त्यानं मान वळवली. "आई, माझा पट्टा कशाला धरलायस?"

"पडत होतास."

"चव घेत होतो."

"कशाची? दांडा कुठे आहे तुझा?"

त्यानं आधी आपल्या हातांकडे बघितलं, मग खाली. दांडा टाकीत गेला होता. सालींच्या थरात फक्त एक भोक दिसत होतं, तेही बुजत चाललं होतं.

"मी कधी सोडला?"

"तूच सांग."

तो उतरला. उतरताना पहिल्यांदाच त्यानं माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला.

गाडी सुनेनं घेतली. वन्सं तिच्या शेजारी, मी आणि नाकोबा मागे. तो खिडकीबाहेर बघत होता. शहराची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा तो म्हणाला, "आई, येतोय."

"काय?"

"जर्दाळू. या वेळी फार जवळून. तुला येतोय ना?"

पुढे वन्संची मान सवयीनं हलायला लागली. मी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून धरला.

"नाही," मी म्हटलं. "पेट्रोल येतंय. हिच्या साबणाचा वास येतोय. तुझ्या कपड्यांना सालींचा. जर्दाळू कुठेही नाही."

"नक्की?"

"नक्की."

तो माझ्याकडे बघायला लागला, पेल्याकडे बघायचा तसा, मी आणखी काही बोलेन म्हणून थांबलेला. मग त्याची नजर माझ्यावरून सुटली आणि मागच्या काचेवर जाऊन थांबली. ओठ हलले. बोटांनी माझ्या बाहीची कड पकडली आणि चोळायला सुरुवात केली. या वेळी बोटं थांबली नाहीत. आधी मनगट थरथरायला लागलं, मग कोपर, मग खांदा.

"जोरात घे," मी सुनेला म्हटलं.

"जोरातच आहे, आई."

"आणखी जोरात घे."