उसनी झोप

माणिकराव झोपले की बोथ गावातल्या त्यांच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा जागा बदलत. घोरता घोरता मधेच श्वास अडकायचा, तेव्हा सारं घर कान टवकारून वाट बघायचं. एवढं असून ऐदी ठरल्या त्या रेणुकाबाई, त्यांची बायको. काडीसारखी बाई, रात्री हूं की चूं नाही, पण दिवसा ज्वारी पाखडताना डुलक्या. सासूबाई वच्छलाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आमच्या सुनेला झोपेचं वेड. रक्त कमी म्हणून गोळ्या झाल्या, नजर लागली म्हणून मिरच्या झाल्या. शेवटी रेणुकाबाईंनाही वाटू लागलं, आपणच आळशी.

माणिकराव शाळेची बस चालवत. एकदा शाळेच्या फाटकापाशीच त्यांचा डोळा लागला आणि बस कुंपणात शिरली. बस रिकामी होती, हे पोरांचं नशीब. शाळेने बजावलं: आदिलाबादला जाऊन झोपेची तपासणी करा, नाहीतर किल्ली ठेवा.

दवाखान्याने रात्रभर छातीला बांधायचा पट्टा आणि बोटाला लावायचा चिमटा देऊन घरी पाठवलं. तिथे माणिकरावांनी अक्कल चालवली.

"तू लाव हे," ते बायकोला म्हणाले. "तू तं घोरतच नाई. रिपोट साफ येईन."

रेणुकाबाईंना पटलं नाही. पण त्या नोकरीवरच चूल पेटत होती, म्हणून घेतला पट्टा बांधून.

रिपोर्ट घ्यायला दोघं गेली. डॉक्टरीणबाई तेलुगू, बोलल्या हिंदीत. श्वास रात्रभर पुन्हा पुन्हा बंद पडतो, रक्तातला प्राणवायू उतरतो. उपचार होईपर्यंत बस तर सोडाच, सायकलसुद्धा नको. माणिकराव ताडकन उठले. रेणुकाबाई बाजूच्या खुर्चीत पेंगल्या होत्या, त्या नवऱ्याच्या आवाजाने दचकल्या.

"मॅडम, ये सांस मेरी नहीं," ते म्हणत होते, "इसकी है."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना तेलुगूत यथेच्छ झापलं. मग रेणुकाबाईंकडे वळून विचारलं, सकाळी उठल्यावर कसं वाटतं? हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. डोकं जड, तोंड कोरडं, रात्रभर राबल्यासारखं अंग, कशातच जीव लागत नाही. त्या सांगतच गेल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुरुषांत हा आजार बहुधा ढोल बडवत येतो. बायकांत पुष्कळदा चोरपावलांनी, पाळी गेल्यावर जास्तच, आणि बारीक अंगालाही सोडत नाही. घोरणं नसलं की लोक त्याला काळजी म्हणतात, वय म्हणतात. रेणुकाबाईंना रडू आलं. आजार निघाला म्हणून एवढा आनंद झालेला माणूस त्या दवाखान्याने क्वचितच पाहिला असेल.

पट्टा पुन्हा माणिकरावांच्या हाती आला, या वेळी खास त्यांच्यासाठी. बसची किल्ली तोवर शाळेकडे.

रात्री नाकाला लावायचं श्वासाचं यंत्र मिळेपर्यंत कुशीवर निजा, असं रेणुकाबाईंना सांगितलं होतं. घरी येताच त्या भरदुपारी कुशीवर आडव्या झाल्या.

"निजली का महाराणी?" वच्छलाबाईंनी दारातूनच विचारलं.

"निजू दे माय," माणिकराव म्हणाले. "इतकी वर्सं ते निजलीच नाई. आपल्याले वाटे, निजूनच राह्यते."

वाईट म्हातारीलाही वाटलं, पण पोट पोटाच्या जागी. "मंग भाकरी कोन थापन?"

रेणुकाबाईंनी डोळेही उघडले नाहीत. "ज्याइनं माह्या झोपेवर नोकरी वाचवाले काढली होती, ते थापतीन."

माणिकराव उठले आणि पिठाचा डबा कुठे असतो ते शोधू लागले.