पेट्या की बॅगा

नूतन धुळ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची आणि सुट्टी लागली की मोटारसायकल काढून डोंगर गाठायची. यंदा जूनमध्ये मैत्रिणींबरोबर हिमालयातल्या स्पितीला जायचं ठरलं होतं. सामानासाठी तिच्या मनात कापडी बॅगा होत्या. पण ती काही बोलायच्या आतच ज्ञानेश्वरनं, तिच्या नवऱ्यानं, आपल्या वर्कशॉपमध्ये अॅल्युमिनियमच्या दोन पेट्या करून तिच्या गाडीला दोन्ही अंगांनी बसवूनही टाकल्या. गोल घासलेले कोपरे, झाकणाला रबर, चपखल कुलूप.

"धो धो पावसात उभी कर, आत थेंब जाणार नाही," तो म्हणाला.

त्याचा फुललेला चेहरा बघून तिला नको म्हणवेना. "एकदा सामान भरून दगडधोंड्यांतून चालवून बघू या," एवढंच ती म्हणाली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दोघं निघाले. ती पुढे, तो आपल्या जुन्या गाडीवर मागे. पिंपळनेरपर्यंत गाडी झकास पळाली. पुढे डोंगराच्या पायथ्याशी नदीच्या कोरड्या पात्रात उतरताना मात्र गोट्यांवरून पुढचं चाक सटकलं आणि गाडी डावीकडे आडवी झाली. नूतनची पोटरी पेटीखाली सापडली. बूट जाड होते म्हणून हाड वाचलं, पण पाय काही निघेना.

ज्ञानेश्वर गाडी तशीच टाकून धावला. शेळ्या चारणारी एक म्हातारीही पदर खोचून आली. दोघांनी मिळून गाडी उचलली.

"लागनं का वं बाई?" म्हातारीनं विचारलं. मग दम खात म्हणाली, "काय भरेल शे त्या पेटीम्हा? सोनं शे का?"

कळ येत असतानाही नूतनला हसू फुटलं. ज्ञानेश्वर हसला नाही. पेटीला एक ओरखडा तेवढा पडला होता. त्यावरून त्यानं बोट फिरवलं, मग तिच्या सुजलेल्या पोटरीकडे पाहिलं.

"एवढी पक्की केली, पण तुझ्या पायाला जागाच ठेवली नाही मी."

"मीच बोलायला हवं होतं. मला कापडी बॅगा हव्या होत्या. पाय खाली सापडला तरी त्या दबतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती हौसेनं केल्या होत्या..."

"अगं, तू सुखरूप जाऊन यावीस म्हणूनच केल्या ना?"

सूज उतरल्यावर दोघं ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या तोतारामकडे गेले. नूतननं सांगितलेल्या मापानं त्यानं जाड कॅनव्हासच्या दोन बॅगा शिवल्या. त्या सायलेन्सरला टेकून जळू नयेत म्हणून ज्ञानेश्वरनं सळ्यांची हलकी चौकट केली. मग अंगणात गाडी उभी करून त्यानं बॅगांवर बादलीभर पाणी ओतलं. शिवणीतून पाणी आत झिरपलं आणि आत ठेवलेली नूतनची शाल भिजली.

"बघ!" तो म्हणाला.

"कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधेन."

"आणि कुलूप?"

कॅमेरा आणि कागदपत्रं उघड्यावर सोडून चहाला बसणं तिलाही पटत नव्हतं.

"सीटच्या मागे एक छोटी पेटी चालेल," ती म्हणाली. "पायापासून लांब."

ज्ञानेश्वरनं लगेच टेप काढली. नूतननं दुसरं टोक धरलं. तो माप घेता घेता शीळ घालू लागला आणि ती टेप धरून ऐकत उभी राहिली.