भाडं उतरलं त्या दुपारी

…पांढरं, नखाएवढं, दोऱ्याला लटकलेलं लेबल, आणि पंख्याच्या वाऱ्यानं ते सारखं गिरकी घेतंय — एकदा किंमत, एकदा कोरी बाजू, पुन्हा किंमत — आणि तिच्या हातात नेहमीची छोटी कात्री आहे, तरी ती कापत नाहीये. एरवी या चष्म्याच्या दुकानात दिवसाला वीस-पंचवीस लेबलं कापते ती. गिऱ्हाइकानं फ्रेम पसंत केली की पहिलं काम तेच, मग काचा घासायला घ्यायच्या. पण ही फ्रेम आईची. आणि सकाळी ती कामावर निघाली तेव्हा आई मागून म्हणाली होती, "लेबल कापू नकोस हं. आधी घालून बघते."

आधी घालून बघते! आई! अर्धा जिना उतरून झाला तेव्हा कुठे ते वाक्य तिच्या डोक्यात शिरलं, आणि ती तशीच कठड्याला धरून उभी राहिली. कारण आमच्या घरात असं कुणी म्हणत नाही. आमच्या घरात लेबल आधी कापतात.

ती पद्धत मावशीची. मावशी म्हणजे आईची मोठी बहीण, लग्नबिग्न केलं नाही, आमच्याकडेच राहायची, आणि आईसाठी काहीही आणलं — स्वेटर, चप्पल, साधी पर्स — तरी दुकानातच लेबल कापून, पावती फाडून आणायची. कारण आई वस्तू उलटीपालटी करून बघायची, "छान आहे गं" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन परत करून यायची. "हिला सुख द्यायचं ना, तर हिचा परतीचा रस्ता आधी बंद करायचा," मावशी डोळा मारून म्हणायची, आणि मी लहानपणी केवढी हसायचे, जणू आम्ही दोघींनी मिळून आईविरुद्ध कट केलाय…

मग मावशी अंथरुणाला खिळली. अकरा वर्षं. दर तीन तासांनी तिची कूस बदलावी लागायची, नाहीतर पाठीला जखमा होतात, आणि ती कूस आईच बदलायची, आईलाच जमायचं ते, एक हात खांद्याखाली, एक गुडघ्याखाली. मावशी गेली त्याला आता दीड वर्ष झालं, पण आई अजून तीन तासांच्या पुढे घराबाहेर राहत नाही. सिनेमाला नेलं तर मध्येच उठते, लग्नात पहिल्या पंगतीला जेवून निघते. घरी येते, मावशीच्या खोलीच्या दारात उभी राहते, आणि मग काहीच करायचं नसल्यासारखी स्वयंपाकघरात जाते.

म्हणून तिनं दोघींसाठी ती क्रूझ ठरवली. सात रात्री, चहूकडे पाणी, तीन तासांत घरी परत येणं शक्यच नाही अशी जागा. आणि बुकिंगच्या पानावर दोन भाडी होती — एकात डिपॉझिट परत मिळत होतं, दुसऱ्यात नाही. दुसरं थोडं स्वस्त होतं, पण तिनं ते घेतलं ते स्वस्त म्हणून नाही, हे तिला तेव्हाच माहीत होतं, बटण दाबतानाच.

"पैसे परत मिळत नाहीत हं, आई."

आई भांडी घासत होती. नळ बंद केला.

"अजिबात?"

"अजिबात. नाही गेलो तर बुडाले."

"बुडाले?" आईनं हात पुसले, एकेक बोट करून पुसले. "मग जायलाच हवं."

झालं! कच्च करून दोरा तुटल्यासारखं वाटलं होतं तिला. जिंकल्यासारखं. मावशी असती तर टाळी दिली असती.

…आणि आता, डब्यातले शेवटचे दोन घास तसेच ठेवून, सवयीनं तिनं फोन काढला आणि रोजच्यासारखं ते पान उघडलं (रोज बघते, का कोण जाणे, जहाज जागेवर आहे ना म्हणून बघत असेल), तर भाडं उतरलेलं. थोडंथोडकं नाही, पाचवा हिस्सा कमी! तीच फेरी, तीच तारीख. आणि उरलेले पैसे भरायची मुदत उद्या. आधी राग आला, मग तिनं मागच्या खोलीत जाऊन, काचा घासायचं मशीन बंद करून, बुकिंगवालीला फोन लावला.

"बरं झालं आज केलात," बुकिंगवाली म्हणाली. तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा, पण माणूस सरळ. "उद्या पैसे भरले असते ना, मग देवालाही काही करता आलं नसतं. डिपॉझिट परत मिळणार नाही, ते विसरा. पण नवीन भाडं लावता येतं. फरक कमी करून देऊ? त्यात माणशी बदलाचा आकार कापतात, हाताला फारसं लागत नाही. त्यापेक्षा माझं ऐका, तेवढ्याच पैशांत खिडकीवाली केबिन घ्या. आत्ता तुमची आतली आहे ना?"

आतली. चार भिंती. मावशीच्या खोलीलाही खिडकी नव्हती धड, एक झरोका होता वर.

"खिडकीतून समुद्र दिसतो?"

"नाही, बसस्टँड दिसतो," बुकिंगवाली हसली आणि खोकली. "समुद्रच दिसतो, मॅडम. करू का?"

"करा. म्हणजे… लगेच होतं?"

"जुनं बुकिंग बंद करून नवीन काढायचं. दोघींच्या फोनवर मेसेज जाईल, दोघींनी 'मान्य' दाबायचं, की झालं."

"आणि एखादीनं 'नको' दाबलं तर?"

"तर त्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव घाला, आज संध्याकाळपर्यंत. पैसे बुडत नाहीत. आईंना तर सगळं माहितीये की."

"कुणाला?"

"तुमच्या आईंना. दोन आठवडे झाले, फोन आला होता त्यांचा. माझ्या जागी दुसरं नाव चालेल का विचारत होत्या. म्हटलं चालेल, आकार नाही काही, फक्त पैसे भरायच्या आदल्या दिवसापर्यंत कळवा. तुम्हाला नाही बोलल्या?"

मशीनच्या तबकात पाणी होतं, काच घासताना पडतं ते, दुधासारखं पांढरट, आणि ती त्यात बघत राहिली. दोन आठवडे. म्हणजे रविवारी, जेव्हा ती आईसमोर बसून नव्या चष्म्यासाठी तिच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजत होती, पट्टी नाकावर धरून, "माझ्या नाकाकडे बघ आई, हलू नकोस," तेव्हाही आईला माहीत होतं. इतक्या जवळून दोघींनी एकमेकींना किती दिवसांत बघितलं नव्हतं! आईचे डोळे स्थिर होते, आणि आई म्हणाली होती, "तिथे सकाळी उठून काय करतात गं माणसं?" आणि तिनं पट्टीवरचा आकडा वाचत उत्तर दिलं होतं, "काही नाही करत. तेच तर." पण तो प्रश्न जाणारीचा होता की न जाणारीचा? परतीचा रस्ता उघडा आहे हे ठाऊक असून आई दोन आठवडे गप्प राहिली. जायचं ठरवलं म्हणून गप्प, की आदला दिवस यायची वाट बघत? आदला दिवस म्हणजे आज.

"मॅडम?"

"दोन मिनिटांत करते परत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

काही न करणंही शक्य होतं की! मेसेज जाऊच द्यायचा नाही. उतरलेलं भाडं बघितलंच नाही असं समजायचं, जुनेच पैसे भरायचे, आतलीच केबिन, आणि आईला ऐन वेळी बॅग घेऊन गाडीत बसवायचं… तिच्या मनात हे आलं आणि त्याबरोबर मावशीनं लेबल कापून आणलेला तो पोपटी स्वेटर आला. मावशी गेल्यावर कपाट आवरताना सापडलेला. आईनं तो अकरा-बारा हिवाळे घातला होता, कोपरांना विरेपर्यंत, आणि आम्हाला सगळ्यांना वाटायचं आईचा जीव आहे त्याच्यावर. आईनं घडी घातली, वरून हात फिरवला, आणि अगदी साधेपणानं म्हणाली, "हा रंग मला कधीच आवडला नाही बघ." रडली नाही, तक्रारही नाही. आणि हे ऐकून, स्वतःच्या कानांनी ऐकून, पुढच्या चार महिन्यांत मी ते बटण दाबलं.

तिनं आईला फोन लावला.

"जेवलीस का?" आईनं आधी विचारलं.

"जेवले. तू काय करतेयस?"

"कपाट काढलंय. तो पोपटी स्वेटर कुठे ठेवलास गं?"

"माझ्या खणात. कशाला?"

"कशाला म्हणजे? बघायला."

"आई…"

"बोल की. पोळी तव्यावर नाहीये माझी."

तिच्या ओठांवर आलं होतं — तू येणार आहेस का? तुला यायचंय का? — पण ते या आवाजात विचारलं तर आई काय म्हणणार हे तिला पाठ होतं. तुझ्यासाठी येते, म्हणेल. बुडतील, म्हणेल. ती म्हणाली, "तुला एक मेसेज येईल. नीट वाच. घाई करू नकोस. आणि… कुठलंही बटण दाबलंस तरी काही बुडत नाही."

पलीकडे कपाटाचं दार लागलं. मग आई म्हणाली, "चष्म्याशिवाय कसं वाचू? जुन्यातून अक्षरं फुटतात."

"भिंग घे. मावशीच्या टेबलावर आहे."

"बरं." आणि थोड्या वेळानं, "लेबल नाही ना कापलंस?"

"नाही."

बुकिंगवालीला तिनं सांगितलं, खिडकीची करा, पाठवा मेसेज. स्वतःच्या फोनवर आला, तिनं 'मान्य' दाबलं. मग ती काचा बसवायला लागली, आधी उजवी, मग डावी, कडा अंगठ्यानं दाबून, स्क्रू फिरवून, आणि सारखं तेच चालू डोक्यात — आई भिंग घेऊन मावशीच्या खोलीत उभी असेल आत्ता, झरोक्याखाली उजेडात, एकेक अक्षर — आणि आई नको म्हणाली तर तिच्या जागी कुणाचं नाव घालून मी सात रात्री त्या खिडकीशी झोपू? मग एकदम कळलं की भीती तिथे नाहीच. मावशीची कूस बदलण्यापलीकडे आईला काय हवं असतं ते मला माहीत नाही. कधी विचारलं नाही. परतीचा रस्ता बंद केला की विचारावं लागत नाही, हेच सोयीचं होतं त्यात… मावशीला होतं, मलाही.

"आईसाहेबांचा झाला का?" नंबर तपासणारे काका पडद्याआडून डोकावले. "डोळ्यावर चढव आणि बघ जरा. उजवी काडी वर वाटतेय मला. का घरचं गिऱ्हाईक म्हणून वाकडंच देणारेस?"

"घरच्या गिऱ्हाइकाला माझा कान धरायला मी रोज समोर असते, काका."

"मग तर सरळच कर बाई!"

तिनं चष्मा चढवला. आईचा नंबर वजा सात, त्यात तिरका सिलिंडर, आणि एका क्षणात सगळं दुकान लहान, लांब, एका बाजूला कललेलं झालं. काका म्हणजे एक पांढरट डाग, फ्रेमांच्या ओळी म्हणजे पाण्यावरच्या रेघा. कानाशी लेबल लटकत होतं, मानेला गुदगुल्या करत. आणि तेवढ्यात मशीनशेजारी ठेवलेला फोन उजळला, थरथरत लाकडावर थोडा सरकला.

अक्षरं होती, आईचं उत्तर असणार. एकच ओळ. चार शब्द असतील, किंवा दोन.

चष्मा काढला की वाचता येणार होतं. तिनं हात काडीपर्यंत नेला आणि तिथेच ठेवला… कारण आईनं एवढ्या वर्षांत घालून बघितलेली पहिली गोष्ट म्हणजे हे जाणं-न-जाणं, आणि त्या ओळीत जे काही होतं, ते अजून फक्त आईचं होतं.

"काय, सरळ आहे ना?" तो पांढरट डाग म्हणाला.

"थांबा काका," ती म्हणाली. "अजून बघतेय."